बाणस्तारीच्या पलीकडे : फोंडा शहर समजून घेताना

पणजीहून फोंड्याकडे निघालेली बस जुने गोवे मागे टाकून पुढे आली, की बाणस्तारीचा पूल लागतो. रोज ये-जा करणाऱ्यांचे त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याला कुंभारजुवेचा कालवा म्हणतात, पण हा कालवा कोणी खणलेला नाही. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा तो भरती-ओहोटीचा नैसर्गिक प्रवाह आहे. त्याच्या काठांवर खारफुटी आहे आणि पाण्यात मगरी आहेत. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १७६३ पर्यंत, म्हणजे जवळपास अडीचशे वर्षे, अधूनमधून झालेल्या चढाया सोडल्या तर या पाण्याच्या पश्चिमेला पोर्तुगीजांचे राज्य होते आणि पूर्वेला दुसऱ्या कोणाचे तरी. फोंड्याविषयी बाहेरच्या माणसाला जे प्रश्न पडतात, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे या सीमेशी येऊन थांबतात. एवढी देवळे याच तालुक्यात का, देव इथले असून त्यांचे महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार, गोव्यातल्याच साष्टी महालातले कसे, देवळांचे घुमट चर्चच्या घुमटांची आठवण का करून देतात आणि कोंकणीची प्रमाण मानली जाणारी बोली नेमकी इथली कशी, हे ते प्रश्न होत.

सुरुवातीलाच एक खुलासा करणे बरे. महाराष्ट्रातल्या वाचकाला फोंडा म्हटले, की सिंधुदुर्गातला फोंडाघाट आठवतो. आपण बोलतो आहोत ते गोव्यातल्या फोंड्याविषयी. पणजीपासून सुमारे तीस किलोमीटरवर, टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात हे शहर वसले असून मडगावहून बोरीचा पूल ओलांडूनही तिथे येता येते. या भागाचे जुने नाव अंत्रुज. जुनी माणसे अजूनही ‘अंत्रुज महाल’ असेच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत फोंडा नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे २२ हजार लोक होते, तर तालुक्यात सुमारे १ लाख ६५ हजार. या दोन आकड्यांमधले अंतर ध्यानात ठेवावे लागते, कारण फोंडा या नावाने जे ओळखले जाते त्यातले पुष्कळसे नगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदोडा, फर्मागुडी, कुर्टी ही सारी पंचायतींची गावे. शहर म्हणजे या गावांचा बाजार, बसस्थानक, दवाखाना आणि कचेरी.

१५६० साली काय घडत होते

आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून तिसवाडी जिंकून घेतली. तिसवाडी म्हणजे तीस गावांचा बेटांचा प्रदेश, ज्यात तेव्हाची राजधानी, आजचे जुने गोवे, येते. बारदेश आणि साष्टी हे दोन महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांना मिळाले. साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून पडले असे मानतात, आणि आजचा मुरगाव तालुका तेव्हा साष्टीतच मोडत असे. या तीन महालांना पुढे ‘जुन्या काबिजादी’, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, हे नाव मिळाले. अंत्रुज त्यांत नव्हता. तो विजापूरच्या आदिलशहाकडेच राहिला.

देवळे पाडण्याचे सत्र तिसवाडीत १५४० च्या सुमारास सुरू झाले आणि साष्टीत १५६० च्या दशकात त्याने टोक गाठले. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. देवळे इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पाडली, असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक इन्क्विझिशनचे न्यायालय गोव्यात १५६० मध्ये बसले, तर तिसवाडीतली देवळे त्याआधीच गेली होती. इन्क्विझिशनचे मुख्य लक्ष्य बाटलेले ख्रिस्ती होते, म्हणजे धर्मांतर करूनही घरात जुने आचार पाळणारे लोक. देवळे पाडण्याचे, त्यांच्या जमिनी काढून घेण्याचे आणि हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी घालण्याचे हुकूम राजसत्तेकडून आणि चर्चच्या परिषदांकडून वेगळे निघत होते. सामान्य गावकऱ्याला या दोन यंत्रणांमधला फरक फारसा जाणवला नसणार, हेही खरे. त्याच्या दृष्टीने परिणाम एकच होता.

मग गावकऱ्यांनी देव उचलले. परंपरा सांगते त्यानुसार कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा, मंगेश १५६० मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, आला आणि केळशीची शांतादुर्गा १५६६ च्या सुमारास कवळ्याला आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला, सांकवाळचा लक्ष्मी-नृसिंह वेलिंगला आणि तिथलीच विजयादुर्गा केरीला गेली. उत्तरेकडे चोडण बेटावरचा देवकीकृष्ण मये मार्गे माशेलला पोचला. नकाशा समोर ठेवून पाहिले, तर एक साधी गोष्ट दिसते. यातला जवळजवळ प्रत्येक देव पाण्याच्या पलीकडच्या पहिल्या सुरक्षित गावात थांबला आहे. कोणीही घाट चढून गेले नाही. गावाकडे परत फिरता येईल, शेताची खबर ठेवता येईल, अशा अंतरावरच हे सारे लोक थांबले होते. मी हे अनुमान म्हणून मांडतो आहे, पण नद्यांची वळणे आणि देवळांच्या जागा बघितल्यावर दुसरे काही सुचत नाही.

दुसरा गैरसमज अधिक पक्का आहे. देवांनी ‘हिंदू राज्यात’ आश्रय घेतला, असे आपण ऐकत आलो आहोत. १५६० मध्ये अंत्रुजवर ना मराठ्यांचे राज्य होते, ना पुढे इथे आलेल्या सोंद्याच्या राजांचे. देव आले ते विजापूरच्या मुसलमान सुलतानाच्या मुलुखात. फोंडा शहराला लागूनच असलेली साफा मशीद १५६० च्याच सुमाराची मानली जाते, म्हणजे ज्या काळात मंगेश पाणी ओलांडत होता त्याच काळात इथे जांभ्या दगडात ही आदिलशाही मशीद उभी राहत होती. मशिदीशेजारी चिऱ्यांनी बांधलेली मोठी तळी आहे आणि तिच्या भिंतींत मिहराबाच्या आकाराचे कोनाडे कोरलेले आहेत. मंगेशीला येणाऱ्या हजारो यात्रेकरूंपैकी मोजकेच तिथे वाकडी वाट करतात. माझ्या मते फोंड्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर पहिला थांबा हाच असायला हवा, कारण देवळांना आश्रय मिळाला तो कोणत्या राजवटीत, हे तिथे डोळ्यांना दिसते.

अंत्रुज तेव्हा देवळांविना ओसाड होता, असेही समजू नये. बांदोड्यातल्या नागेशीच्या देवळात १४१३ चा, विजयनगरच्या काळातला शिलालेख आहे, म्हणजे नागेश इथला मूळचा रहिवासी. खांडेपार येथे जांभ्यात कोरलेल्या लेण्या त्याहूनही जुन्या आहेत. बाहेरून आलेले देव जुन्या वस्तीत येऊन राहिले.

किल्ला आणि त्याचे गिऱ्हाईक

सीमेवर किल्ला असतोच. फोंड्याचा किल्ला आदिलशाहीने राखला होता आणि पोर्तुगीजांच्या डोळ्यांत तो सलत होता, कारण तिथून त्यांची राजधानी एका दिवसाच्या चालीवर होती. शिवाजी महाराजांनी १६६६ मध्ये त्याला दिलेला वेढा फसला. १६७५ मध्ये त्यांनी तो जिंकला आणि अंत्रुज स्वराज्यात आला. त्यामुळे पोर्तुगीजांच्या दारात आदिलशाहीपेक्षा फार जागरूक शेजारी येऊन बसला.

१६८३ च्या शरदात पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होर याने मोठी फौज घेऊन फोंड्यावर हल्ला चढवला. किल्ला लढवत होते येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. तोफांनी तटाला खिंडार पडले, तरी किल्ला पडला नाही. नोव्हेंबरात संभाजी महाराज स्वतः मदतीला धावून आले आणि विजरईला चिखलापावसातून माघार घ्यावी लागली. या लढाईतल्या जखमांनी कृष्णाजी कंक पुढे मरण पावला. त्यानंतर दोनच आठवड्यांत मराठ्यांनी जुवे बेट घेतले. जुवे म्हणजे राजधानीच्या अंगणातले बेट. जुने गोवे पडण्याच्या बेतात आहे असे वाटून विजरईने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीजवळ आपला राजदंड ठेवला आणि शहर संताच्या हवाली केले, ही कथा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आजही सांगितली जाते. राजधानी वाचली ती मोगल शहजादा शाह आलम मोठे सैन्य घेऊन कोकणात उतरल्यामुळे. संभाजी महाराजांना मागे वळावे लागले. फोंड्याच्या किल्ल्याची जी नवी बांधणी झाली, तिचे नाव मर्दनगड.

या मर्दनगडाने एक विजरईही घेतला. २८ जून १७५६ रोजी कोंद द आल्वा किल्ल्यावर चालून आला आणि लढाईत मारला गेला. पोर्तुगीज साम्राज्याचा पूर्वेकडचा सर्वोच्च अधिकारी राजधानीपासून हाकेच्या अंतरावरच्या किल्ल्यापाशी पडावा, यावरून ही सीमा किती जिवंत होती याची कल्पना येते. आज किल्ल्याचे फारसे काही उरलेले नाही. फर्मागुडीच्या टेकडीवर शिवाजी महाराजांचे स्मारक आहे, ते पाहून लोक पुढे जातात.

फोंडा पोर्तुगीजांकडे कसे गेले

लढून जे दोनशे वर्षांत मिळाले नाही, ते पोर्तुगीजांना हैदर अलीमुळे मिळाले. अठराव्या शतकात अंत्रुजवर सोंद्याच्या राजाचा अंमल आला होता. सोंदे हे आजच्या कर्नाटकात, सिरसीजवळ आहे. १७६३ मध्ये हैदर अलीने सोंदे घेतले तेव्हा राजा सवाई इम्मडी सदाशिव गोव्याकडे पळाला. पोर्तुगीजांनी त्याला आश्रय दिला आणि त्याच वेळी फोंडा आपल्या ताब्यात घेतले. रीतसर हस्तांतर १७९१ मध्ये झाले. राजाचे कुटुंब बांदोड्याला नागेशीजवळ राहिले आणि सोंदेकरांचा वाडा आजही तिथे आहे.

पुढच्या पंचवीस वर्षांत पोर्तुगीजांनी केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे असे महाल एकेक करून जोडले आणि १७८८ पर्यंत आजच्या गोव्याचा नकाशा तयार झाला. या प्रदेशाला ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. जुन्या आणि नव्या काबिजादी हा भेद वाचकाने नीट समजून घ्यावा, कारण गोव्याच्या समाजजीवनाची किल्ली त्यात आहे. जुन्या काबिजादी जिंकल्या गेल्या त्या सोळाव्या शतकात, धर्मप्रसाराच्या जोशात. नव्या काबिजादी आल्या तेव्हा युरोपातले वारे बदलले होते, पोर्तुगालमध्ये जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारक पंथाला हाकलून लावून चार वर्षे झाली होती, तिजोरी रिकामी होती आणि नव्या प्रजेला दुखावणे परवडणारे नव्हते. म्हणून फोंडा घेताना देवळे, वतने आणि रीतिरिवाज यांना हात लावणार नाही, असे वचन दिले गेले आणि ते बऱ्याच अंशी पाळले गेले. एकाच राजवटीने नदीच्या एका काठावर देवळे पाडली आणि दोनशे वर्षांनंतर दुसऱ्या काठावर त्याच देवांचे संरक्षण मान्य केले. साष्टीतून निघालेली शांतादुर्गा अखेर त्याच राजाच्या राज्यात आली, पण या वेळी तिला जागा सोडावी लागली नाही.

घुमट, दीपस्तंभ आणि महाजन

फोंड्यातली देवळे साडेचारशे वर्षांची आहेत, असे वाटाड्ये सांगतात. देवांचा मुक्काम तेवढा जुना आहे, इमारती तेवढ्या जुन्या नाहीत. पळून आलेल्या माणसांनी प्रथम छोटी, साधी घरे बांधली आणि देवांनाही तशाच घरांत ठेवले. रोजच्या लढाया चाललेल्या सीमेवर मोठे बांधकाम करण्यासारखी परिस्थिती नव्हती. आज दिसणारी भव्य रूपे मुख्यतः अठराव्या शतकातली आहेत, जेव्हा साताऱ्याच्या आणि पुण्याच्या दरबारांत गोमंतकातून गेलेली माणसे मोठ्या हुद्द्यांवर पोचली होती. कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम शेणवी रेगे यांच्या पुढाकाराने १७३० च्या दशकात उभे राहिले. १७३९ मध्ये पेशव्यांनी रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शिफारशीवरून मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिला.

बांधणारे कारागीर मात्र इथले होते, आणि दोन शतके चर्च बांधून त्यांचा हात एका वेगळ्या शैलीत बसला होता. म्हणून गोव्याच्या देवळाला दख्खनी शिखराऐवजी अष्टकोनी चौथऱ्यावरचा घुमट आहे, खिडक्यांना कमानी आहेत, सज्जांना चर्चच्या धर्तीचे कठडे आहेत आणि आत काचेची झुंबरे टांगलेली आहेत. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ तर लांबून चर्चच्या मनोऱ्यासारखाच वाटतो. त्याबरोबरच समोर तळी, बाजूला नौबतखाना आणि यात्रेकरूंच्या निवासासाठी अग्रशाळा, ही मांडणी पूर्णपणे देशी आहे. या मिश्रणाला काही जण अशुद्ध म्हणतात. मला ती त्या कारागिरांची प्रामाणिकता वाटते, कारण त्यांना जे उत्तम बांधता येत होते तेच त्यांनी देवासाठी बांधले. म्हार्दोळला म्हाळसेच्या दारात उभी असलेली पितळेची उंच समईसारखी दीपमाळ पाहिली, की बोलणे खुंटते.

आता महाजनांचा प्रश्न. परक्याला हे कोडे वाटते, की मंगेशी गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस मंगेशाच्या देवस्थानाच्या निवडणुकीत मत देऊ शकेलच असे नाही, आणि मुंबईत राहणारा कोणी मात्र त्या देवस्थानाचा अध्यक्ष होऊ शकतो. याचे मूळ जुन्या गावकरीत आहे. कोकणातल्या गावाची जमीन मूळ वसाहतकारांच्या, म्हणजे गावकरांच्या, सामाईक मालकीची असे आणि ग्रामदेवतेचे देऊळ हा त्या सामाईक व्यवस्थेचा गाभा होता. देव पाण्यापलीकडे नेला तेव्हा तो नेणारे होते मूळ गावचे गावकर. त्यांचे वंशज ते महाजन. ज्या कुटुंबांचे ते कुलदैवत, पण ज्यांना व्यवस्थापनाचा हक्क नाही, ते कुळावी. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये देवस्थानांसाठी नियम करून या महाजनकीला कायद्याचे रूप दिले आणि १९३३ मध्ये ते नियम पुन्हा नव्याने मांडले. त्यामुळे प्रथेने चालत आलेला हक्क नोंदवहीत आला. कोण महाजन आणि कोण नाही, हा प्रश्न श्रद्धेपुरता न राहता कोर्टकचेरीचा झाला आणि तो अजून मिटलेला नाही. देवळाच्या भोवती राबणारे, वाजवणारे, फुले देणारे, पालखी वाहणारे लोक स्थानिक, आणि मालकीहक्क चारशे वर्षांपूर्वीच्या गावाचा, ही रचना इतिहासातून समजते. तिच्यातला ताण मात्र त्यामुळे कमी होत नाही.

सूर आणि बोली

देऊळ म्हणजे केवळ पूजा नव्हे, ते रोजगाराचे मोठे ठिकाण होते. भट, पुजारी, वाजंत्री, माळी, देवळी आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणी, या सर्वांची घरे देवळाच्या आसपास वसली. कलावंतिणींच्या वाट्याला आलेल्या आयुष्यात शोषण होते आणि त्यावर पडदा टाकणे योग्य नाही. पण संगीताची जी परंपरा या घरांनी जपली, तिने हिंदुस्थानी गायनाला काही सर्वश्रेष्ठ गळे दिले. सूरश्री केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ मध्ये याच तालुक्यातल्या केरी गावात झाला. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज भरलेली जी सोनेरी तबकडी आहे, तिच्यात केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. दीनानाथ मंगेशकर १९०० मध्ये मंगेशीला जन्मले आणि त्यांनी आडनावात गावाचे नाव मिरवले. वडील देवळातले पुजारी, आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत घराण्यातल्या. पंडित जितेंद्र अभिषेकी हेही मंगेशीचेच, आणि कवी बा. भ. बोरकर शेजारच्या बोरीचे. एवढ्याशा परिसरात एवढी माणसे निपजण्याचे कारण पाण्याच्या गुणात शोधण्यापेक्षा देवळांच्या घनतेत शोधावे. दर दोन-तीन किलोमीटरवर एक देवस्थान, प्रत्येकाची जत्रा, प्रत्येक जत्रेला नाटक, प्रत्येक सोमवारी किंवा शुक्रवारी पालखी आणि पालखीपुढे गायन. गाणाऱ्याला श्रोते आणि मानधन दोन्ही दाराशी मिळत होते.

जत्रेतले नाटक हा स्वतंत्र विषय आहे. अंत्रुजातल्या गावांत रात्रभर चालणारी मराठी नाटके गावकरीच बसवतात. दिवसा शेतात, दुकानात किंवा कारखान्यात काम करणारा माणूस रात्री संभाजी होतो. माशेलला आषाढी एकादशीनंतरच्या दिवशी देवकीकृष्णाच्या अंगणात चिखलकाला रंगतो, तेव्हा म्हातारे आणि पोरे एकाच चिखलात लोळतात.

भाषेचा मामला थोडा गुंतागुंतीचा आहे. या भागातली बोली अंत्रुजी. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या कोंकणीचे प्रमाण रूप मुख्यतः तिच्यावर उभे आहे. साष्टीतून आलेल्या कुटुंबांची बोली इथल्या बोलीत मिसळली, पोर्तुगीज शब्दांचा भरणा जुन्या काबिजादींच्या मानाने कमी राहिला, आणि कोंकणी लेखनाला आकार देणाऱ्यांपैकी अनेक जण याच परिसरात वावरले. ज्ञानपीठ मिळवणारे रवीन्द्र केळेकर प्रियोळला राहत. पण त्याच घरांत कीर्तन, पोथी, आरती, जमाखर्च आणि शाळा मराठीत होती. घरात बोलायची भाषा एक आणि लिहायची दुसरी, यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. पुढे राजकारणाने विचारले, की तुमची भाषा कोणती ते एकच नाव घेऊन सांगा, तेव्हा भांडण सुरू झाले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि सरकारी कामात मराठीच्या वापराला मुभा दिली. फोंड्याच्या बाजारात आजही माणूस कोंकणीत घासाघीस करतो आणि मराठी वर्तमानपत्रात मासळी बांधून नेतो.

राजधानी सरकली, फोंडा वाढले

दरम्यान राजधानीच हलली. रोगराईने जुने गोवे ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. सीमा मिटल्यामुळे फोंड्याचे लष्करी महत्त्व संपले आणि ते घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचे बाजाराचे गाव झाले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना नोकऱ्या व शिक्षण यांत समान हक्क मिळाले, तेव्हा या गावाने कात टाकली. वैद्यकाबरोबर शिक्षणप्रसारासाठी झटलेले दादा वैद्य त्या पिढीचे. शहरातल्या मुख्य चौकाला त्यांचे नाव आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याची एक तुकडी फोंड्यातून आणि दुसरी बाणस्तारीच्या वाटेने पुढे सरकली, म्हणजे मुक्तीच्या दिवशीही वाट तीच होती.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विधानसभेत आले ते याच तालुक्यातल्या मडकईच्या पोटनिवडणुकीतून. फर्मागुडीच्या गणपतीचे देऊळ त्यांनी बांधवले आणि त्याच पठारावर १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे एनआयटी आणि आयआयटी यांचे तात्पुरते वर्गही तिथेच भरले. ज्या टेकडीवरून शत्रूच्या राजधानीवर नजर ठेवली जाई, तिथे आता मुले चहाच्या टपरीवर परीक्षेचे पेपर चर्चेला घेतात. कुंडई, मडकई आणि बेतोडा येथे औद्योगिक वसाहती आहेत, उसगावला टायरचा मोठा कारखाना आहे. सुपारी, माड, मिरवेली आणि केळी एकत्र पिकवणारी कुळागरे सावईवेरे आणि केरी भागात अजून टिकून आहेत, पण त्यांत राबणारे हात कमी होत चालले आहेत, कारण सकाळी सातच्या पाळीला कारखान्याची बस येते.

वाहतुकीच्या बाबतीत फोंड्याचे दुखणे जुनेच आहे. रेल्वे शहराला शिवत नाही, त्यामुळे पणजी–बेळगाव वाहतुकीचा सारा भार रस्त्यावर पडतो. नगरपालिकेची हद्द आखडती आणि वस्ती पंचायतींमध्ये फोफावलेली, म्हणून कचरा कोणाचा आणि पाण्याचा पाइप कोणाचा, हा वाद प्रत्येक पावसाळ्यापूर्वी निघतो. सीमांचा खेळही संपलेला नाही. जानेवारी २०१५ मध्ये फोंडा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यातून काढून दक्षिण गोव्यात घातला गेला. लोकसभेसाठी मात्र त्यातला प्रियोळ मतदारसंघ उत्तर गोव्यात आणि फोंडा, शिरोडा, मडकई दक्षिणेत. त्यामुळे मंगेशीचा मतदार जिल्ह्याच्या कामासाठी मडगावची वाट धरतो आणि खासदार निवडतो तो पणजीकडचा.

पणजी मात्र फोंड्यावर एका बाबतीत पूर्ण अवलंबून आहे. राजधानीचे पिण्याचे पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा येथून येते. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला महामार्गाच्या कामाच्या ठिकाणी जमीन खचली आणि मोठ्या जलवाहिन्या फुटल्या. भर पावसाळ्यात, मांडवी दुथडी भरून वाहत असताना, पणजीत आणि तिसवाडीत कित्येक दिवस नळ कोरडे राहिले, टँकरपुढे रांगा लागल्या आणि हॉटेलांनी पाणी विकत घेतले. फोंड्यातल्या नातेवाइकांकडे कपड्यांची गाठोडी घेऊन धुवायला जाणाऱ्यांच्या गाड्या त्या आठवड्यात बाणस्तारीचा पूल ओलांडत होत्या.